सर्वर हिरवा दिसतोय म्हणजे बरा आहे असं नाही: मॉनिटरिंग मशीन शोधतं कसं आणि माहिती आणतं कसं

सकाळी साडेसातला कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून फोन. "दादा, बिलाचं सॉफ्टवेअर उघडंना, गाड्या गेटवर थांबल्यात." मी अंथरुणातनंच मोबाईलवर डॅशबोर्ड उघडला तर सगळं हिरवंगार, सर्वर चालू, डिस्क ६२ टक्के, रॅम ठीक. म्हणलं तुमचं नेट बघा जरा. ते म्हणाले नेट चालू हाय, तुम्ही या. जाऊन बघतोय तर डिस्क ठासून भरलेली, डेटाबेसला एक ओळ लिहायला जागा नाही. आणि माझ्या स्क्रीनवरचे ते ६२ टक्के? ते नऊ दिवसांपूर्वीचे. एजंट, म्हणजे मशीनवर बसून आतली माहिती देणारा छोटा प्रोग्रॅम, नऊ दिवस झाले बंद पडलेला, सॉफ्टवेअर आपलं शेवटचा आकडा उराशी धरून बसलेलं, आणि मशीन पिंगला, म्हणजे "आहेस का" एवढ्याच हाकेला, उत्तर देत होतं म्हणून रंग हिरवा.

चूक माझीच होती, सॉफ्टवेअरची नाही. मी मॉनिटरिंग बसवलं होतं पण ते आतनं चालतं कसं हे नीट समजून घेतलं नव्हतं, टेम्प्लेट लावला आणि झालं. त्यानंतर बसून सगळं परत शिकलो. सांगली-मिरजेत, साताऱ्यात माझ्यासारखी वीस-पंचवीस ते पन्नास मशीन सांभाळणारी बरीच पोरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी झॅबिक्स नावाचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरतो म्हणून उदाहरणं त्याची येतील, पण नॅगिऑस घ्या, चेकएमके घ्या, लिब्रेएनएमएस घ्या, प्रोमिथियस घ्या, आतली यंत्रणा थोड्याफार फरकानं तीच आहे.

पहिल्यांदा डोक्यात एवढं पक्कं करा की मशीन सापडणं, मशीन ओळखणं आणि मशीनकडून माहिती येत राहणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. गल्लीत नवीन भाडेकरू आला हे कळणं वेगळं, तो कोण कुठला हे कळणं वेगळं आणि तो रोज कसा आहे ते विचारत राहणं वेगळं. आपण पहिलं झालं की तिन्ही झाली असं धरतो आणि तिथंच फसतो.

शोधायच्या आधी

सॉफ्टवेअरला कामाला लावायच्या आधी एक कागद घ्या आणि ऑफिसात चक्कर मारा. कुठल्या रेंजमध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या कुठल्या पट्ट्यात, काय आहे ते लिहा. सर्वर, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), स्विच, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन, यूपीएस, प्रिंटर, सगळं. कंटाळवाणं काम आहे पण ह्याशिवाय सॉफ्टवेअरनं शोधलेली यादी बरोबर का चूक हे तुम्ही ताडणार कशाशी? माझा अनुभव असा की कागदावरच्या आणि सॉफ्टवेअरच्या यादीत कायम फरक पडतो, आणि खरी मजा त्या फरकातच असते. एका ठिकाणी कपाटाच्या मागं कुणीतरी लावून विसरलेला राउटर सापडला होता, तोसुद्धा चालू.

मालकाला आधी सांगा की मी नेटवर्क स्कॅन करणार आहे. अँटिव्हायरस आणि फायरवॉल स्कॅनला हल्लाच समजतात, आणि मग मालकाला वाटतं तुम्हीच काहीतरी घातलंय. मिरजेत हॉस्पिटलं भरपूर, तिथं काम करत असाल तर लॅबची मशीन, सीटी, एमआरआय ह्यांची रेंज स्कॅनमधून सरळ वगळा. असली जुनी यंत्रं अनोळखी पॅकेट आलं की गोंधळतात, कधी लटकतात, आणि त्या वेळी आत पेशंट असतो.

शोध चालतो कसा

सॉफ्टवेअरला तुम्ही रेंज देता, समजा १९२.१६८.१.१ ते २५४. ते एकेका पत्त्यावर जाऊन दार वाजवतं. पहिली थाप पिंगची. पण विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगवर पिंगला उत्तरच देत नाही, म्हणजे निम्मी मशीन घरात असून दार उघडत नाहीत. म्हणून नुसत्या पिंगवर शोध लावू नका, सोबत दोन-तीन पोर्ट, म्हणजे मशीनची नंबर असलेली दारं, द्या. लिनक्ससाठी २२, विंडोजसाठी १३५ किंवा ४४५, झॅबिक्सचा एजंट असेल तर १००५०, आणि स्विच, प्रिंटर, यूपीएससाठी एसएनएमपी, म्हणजे असल्या वस्तूंना हालहवाल विचारायची ठरलेली भाषा, तिचा पोर्ट यूडीपी १६१.

मॉनिटरिंगचं मशीन त्याच नेटवर्कात असेल तर एआरपीनं, म्हणजे "हा आयपी पत्ता कुणाचा" ह्या हाकेनं, अजून सोपं होतं, कारण पिंग अडवलेलं मशीनसुद्धा एआरपीला उत्तर देतंच, नाहीतर त्याचं नेटवर्कच चालणार नाही. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा कारखान्यातनं आलेला नंबर, त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते, म्हणजे हा कॅमेरा, हा प्रिंटर एवढा अंदाज येतो. पण एआरपी राउटरच्या पलीकडं जात नाही. दुसऱ्या बिल्डिंगमधलं नेटवर्क वेगळं असेल तर तिथल्या राउटरला किंवा स्विचला एसएनएमपीनं विचारायचं, बाबा तुझ्या टेबलात कोण कोण आहे, आणि एलएलडीपी, म्हणजे शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगायची सोय, चालू असेल तर स्विच आपल्या शेजारच्या स्विचचं नावसुद्धा सांगतो. असं एकाकडून दुसऱ्याचा पत्ता काढत काढत पूर्ण नकाशा तयार होतो.

आता वेळेचं गणित बघा, हे कुणी सांगत नाही. जिथं कुणी राहतच नाही त्या पत्त्यावर सॉफ्टवेअर वाट बघत थांबतं. एका पत्त्यावर तीन दारं, प्रत्येक दाराशी तीन सेकंद, असं एकामागून एक केलं तर २५४ पत्त्यांना २,२८६ सेकंद, म्हणजे जवळजवळ ३८ मिनिटं. नवीन व्हर्जन बरेच पत्ते एकाच वेळी तपासतात म्हणून ते लवकर होतं, पण तरी काहीजण २५४ च्या जागी उगाच ६५ हजार पत्त्यांची रेंज देतात आणि मग म्हणतात सॉफ्टवेअर स्लो आहे. जेवढं आहे तेवढंच द्या. आणि शोध दर पाच मिनिटांनी लावायची गरज नाही, फाउंड्रीत काय रोज नवा सर्वर येत नाही. दिवसातनं एकदा, फार तर दोनदा.

गेस्ट वायफायची रेंज तर अजिबात देऊ नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा मॅक पत्ता दाखवतो, त्यामुळं पाहुण्यांचे फोन नवनवीन मशीन म्हणून यादीत येत राहतात आणि महिन्याभरात यादीचा उकिरडा होतो.

दिवाणजींच्या प्रिंटरला भूत

पोर्टवरून एक आठवलं. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात माझी चार मशीन आहेत. त्या दिवसांत मी प्रोमिथियस नवीन शिकत होतो आणि त्याचा लिनक्सवरचा एजंट, नोड एक्स्पोर्टर, ९१०० पोर्टवर ऐकतो, म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, दर तासाला सगळ्या पत्त्यांवर ९१०० ला जाऊन विचारायचं की मेट्रिक्स, म्हणजे मोजलेले आकडे, दे. दुसऱ्या दिवशी दिवाणजींचा फोन. "साहेब, प्रिंटरला भूत लागलंय, तासाला एक कागद आपोआप बाहेर येतोय आणि वर काहीतरी इंग्रजी दोन ओळी."

झालं असं की नेटवर्क प्रिंटरचा कच्चा प्रिंटिंग पोर्टसुद्धा ९१०० च. त्या पोर्टवर जे येईल ते प्रिंटर निमूटपणे कागदावर काढतो. माझी स्क्रिप्ट विचारत होती आणि प्रिंटर ती विचारणाच छापून देत होता. एनमॅप हे स्कॅनिंगचं जुनं टूल, त्यात व्हर्जन ओळखायच्या तपासणीतनं ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुद्दाम वगळलेत, ते का ते मला त्या दिवशी कळलं. तर शोधाच्या नियमात प्रिंटरचे पत्ते वेगळे काढा आणि त्यांना फक्त एसएनएमपीनं विचारा. टोनर किती उरला, कागद अडकलाय का, एकूण किती पानं छापली, हे सगळं प्रिंटर तिथं व्यवस्थित सांगतो.

ओळख पटवणं

दार उघडलं, आता आत कोण आहे? एसएनएमपी बोलणाऱ्या वस्तूला सॉफ्टवेअर दोन प्रश्न विचारतं. पहिला पत्ता १.३.६.१.२.१.१.१.०, तिथं वस्तू स्वतःचं वर्णन शब्दांत देते. दुसरा १.३.६.१.२.१.१.२.०, तिथं एक नंबर मिळतो आणि तो जास्त कामाचा. तो नंबर १.३.६.१.४.१ नं सुरू होतो आणि पुढचा आकडा म्हणजे कंपनी. ९ आला तर सिस्को, ३११ मायक्रोसॉफ्ट, ३१८ एपीसीचा यूपीएस, १४९८८ मायक्रोटिक, आणि ८०७२ आला तर बहुतेक लिनक्सवर नेट-एसएनएमपी चालू आहे. आरसी बुकवरचं एमएच १० बघून गाडी सांगलीची आणि एमएच ११ बघून साताऱ्याची कळते तसंच हे. ह्या नंबरवरून सॉफ्टवेअर ठरवतं की कुठला टेम्प्लेट लावायचा.

टेम्प्लेट म्हणजे काय विचारायचं त्याची तयार यादी. तो आपोआप लागतो पण एकदा डोळ्याखालनं घाला, कारण वर्णन सारखं असलं की चुकीचा लागतो आणि मग निम्मे प्रश्न "असलं काही नाही" म्हणून परत येतात.

अजून एक लफडं, एकच मशीन दोनदा. डीएचसीपीनं, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेनं, पत्ता बदलला की सॉफ्टवेअरला वाटतं जुनं मेलं आणि नवीन जन्मलं. म्हणून शोधाच्या नियमात मशीनची ओळख आयपीवर न ठेवता होस्टनेमवर ठेवा, आणि सर्वरला तर पत्ता फिक्सच करून टाका. पण ज्या ठिकाणी एका विंडोजची इमेज दहा मशीनवर जशीच्या तशी ओतली आहे तिथं दहाही मशीनचं नाव एकच असतं, मग होस्टनेमवर ठेवलं की दहाचं एक होतं! आधी नावं बदला, मग शोधा.

पासवर्डबद्दल इथंच सांगतो. काही सॉफ्टवेअरला तुम्ही पाच-सहा पासवर्डची यादी देता आणि ते प्रत्येक मशीनवर एकेक लावून बघतं कुठला चालतो. ऐकायला भारी वाटतं, पण डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्या विंडोज अकाउंटांचा कारभार एकाच जागेवरनं चालतो तिथं, चुकीच्या पासवर्डची मर्यादा लावलेली असेल तर दहा मिनिटांत अकाउंट लॉक होतं. आणि तो पासवर्ड अॅडमिनिस्ट्रेटरचा असेल तर तुम्ही तो नेटवर्कातल्या प्रत्येक अनोळखी डब्यापुढं नेऊन ठेवताय. वेगळं, फक्त वाचायच्या हक्काचं अकाउंट काढा. विंडोजमध्ये त्याला परफॉर्मन्स मॉनिटर युजर्स आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम युजर्स ह्या ग्रुपांमध्ये टाकून डब्ल्यूएमआयचा (विंडोजची स्वतःची माहिती देणारी सोय) रिमोट हक्क दिला की मोजमापाची बरीच कामं त्यावर भागतात, पूर्ण अॅडमिन लागत नाही.

माहिती आणायच्या वाटा

एक म्हणजे बाहेरनं विचारायचं, मशीनवर काही न बसवता. लिनक्सला एसएसएचनं म्हणजे दुरून लॉगिन करून, विंडोजला डब्ल्यूएमआयनं, डब्यांना एसएनएमपीनं. डब्ल्यूएमआयचा त्रास असा की बोलणं १३५ वर सुरू होतं आणि मग विंडोज म्हणतं आता ४९१५२ ते ६५५३५ मधल्या अमुक पोर्टवर ये, म्हणजे फायरवॉलमध्ये केवढं मोठं भगदाड. त्यात मार्च २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनं डीकॉमची, म्हणजे डब्ल्यूएमआय ज्यावर चालतं त्या यंत्रणेची, सुरक्षा सक्तीची केली, तेव्हा जुनी सॉफ्टवेअर न अपडेट केलेल्या ठिकाणी माहिती येणं बंद झालं. माझं मत विचाराल तर विंडोजवर बाहेरनं विचारायचंच असेल तर विनआरएम, म्हणजे विंडोज दुरून सांभाळायची दुसरी सोय, ५९८५ किंवा एनक्रिप्टेड हवं तर ५९८६, एकच पोर्ट आणि सुटसुटीत.

एसएनएमपीत व्हर्जन दोन सगळीकडं चालतं, पण त्यातला पासवर्ड, ज्याला कम्युनिटी म्हणतात, तो उघडाच जातो आणि निम्म्या ठिकाणी तो "पब्लिक" असाच सोडलेला असतो. घराला कुलूप लावून किल्ली कुलपातच. डबा व्हर्जन तीन बोलत असेल तर तेच वापरा, नसेल तर निदान नाव बदला आणि डब्यात फक्त मॉनिटरिंगच्या मशीनचा पत्ता मान्य करा.

दुसरी वाट एजंटची. मशीनवर छोटा प्रोग्रॅम बसतो आणि तो आतनं बघतो. लिनक्सवर तो प्रॉक नावाच्या फोल्डरमधल्या फायली वाचतो, विंडोजवर परफॉर्मन्स काउंटर वाचतो. ह्यात दोन प्रकार आणि हा फरक नीट समजून घ्या, माझी फाउंड्रीतली फजिती ह्यातच होती. पॅसिव्हमध्ये सर्वर १००५० वर येऊन विचारतो आणि एजंट उत्तर देतो. अॅक्टिव्हमध्ये एजंटच सर्वरच्या १००५१ वर जातो, मला काय काय बघायचंय त्याची यादी घेतो आणि मग स्वतः माहिती पाठवत राहतो. पॅसिव्ह एजंट मेला तर सर्वरला लगेच कळतं, कारण दार वाजवलं आणि कुणी उघडलं नाही. अॅक्टिव्ह एजंट मेला तर? सर्वर कुणाकडं जातच नव्हता, तो पत्राची वाट बघत बसलेला, पत्र येईना तरी त्याला काय वाटत नाही. त्याला मुद्दाम सांगावं लागतं की इतकी मिनिटं काही आलं नाही तर बोंब मार. झॅबिक्समध्ये ह्यासाठी नोडेटा नावाचं फंक्शन आहे. प्रत्येक मशीनच्या एका तरी आकड्यावर, पाच मिनिटांचा नोडेटा ट्रिगर, म्हणजे अलर्टचा नियम, लावाच. प्रोमिथियसमध्ये उलटं सोपं आहे, तो स्वतः विचारायला जातो आणि प्रत्येक फेरीला "अप" नावाचा आकडा लिहितो, १ म्हणजे भेटला, ० म्हणजे नाही.

मग अॅक्टिव्ह वापरायचाच कशाला? बाहेरगावच्या शाखांसाठी. तासगावात एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम बघतो, तिथल्या ब्रॉडबँडला बाहेरनं आत यायला रस्ताच नाही कारण पब्लिक पत्ता मिळत नाही. एजंट आतनं बाहेर येतो, त्याला कुणी अडवत नाही. शिवाय शोधसुद्धा उलटा होतो, म्हणजे तुम्ही मशीन शोधत नाही, नवीन मशीनवर एजंट बसवला की तोच सर्वरला येऊन सांगतो "मी आलो, मी विंडोज, मी तासगावचा," आणि तुम्ही आधी नियम करून ठेवलेला असतो की तासगावचा विंडोज आला की ह्या ग्रुपात टाक, हा टेम्प्लेट लाव. ह्याला ऑटो रजिस्ट्रेशन म्हणतात आणि मला हीच पद्धत सगळ्यात आवडते. फक्त त्यावर आधीच ठरवलेली गुप्त किल्ली लावा, नाहीतर कुणीपण येऊन मी तुमचाच म्हणेल.

शाखेत चार-पाचपेक्षा जास्त मशीन असतील तर तिथं झॅबिक्स प्रॉक्सी ठेवा, रास्पबेरी पाय ह्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरसुद्धा मस्त चालते. ती तिथल्या तिथं माहिती गोळा करते आणि नेट आलं की पाठवते. पण सेटिंग बघा, नेट गेल्यावर माहिती किती वेळ सांभाळायची हे मूळ सेटिंगमध्ये फक्त १ तास आहे. पावसाळ्यात तासगावची लाईन एकदा गेली की तासात येत नाही. मी २४ तास करून ठेवलंय.

तिसरी वाट लोक विसरतात, मशीनच्या पोटातला छोटा कॉम्प्युटर, डेलचा आयड्रॅक, एचपीचा आयएलओ. रेडची, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कच्या गटातली, एक डिस्क मेली तरी विंडोज आरामात चालू असतं, त्याला पत्ताच नसतो, आणि दुसरी मेली की मग सगळं जातं. ही माहिती आयड्रॅक-आयएलओकडून एसएनएमपी किंवा आयपीएमआय ह्या त्याच्या दुसऱ्या भाषेनं, पोर्ट ६२३, काढायची. त्याची केबल बऱ्याच ठिकाणी लावलेलीच नसते, आधी ती लावा.

विचारायचं का सांगू द्यायचं: आयर्विन पुलाचा हिशोब

सांगलीच्या माणसाला पोलिंग आणि ट्रॅप समजावायला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाएवढं चांगलं उदाहरण नाही. पावसाळ्यात पुलाची पातळी ठरावीक वेळानं बघून नोंदवतात, ते पोलिंग. कोयना धरणातनं विसर्ग वाढवला की खाली निरोप येतो, ते ट्रॅप. ट्रॅप म्हणजे डबा आपणहून यूडीपी १६२ वर कळवतो की माझं काहीतरी झालं, लिंक पडली, यूपीएस बॅटरीवर गेला. पटकन कळतं, पण यूडीपीला पोचपावती नसते, निरोप वाटेत हरवला तर हरवला. म्हणून धरणाचा निरोप येतोय म्हणून पुलावर जाऊन बघायचं कुणी थांबवत नाही. दोन्ही ठेवा.

आणि पातळ्या बघा. पुलाशी ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं तेव्हा ४० ला सावध झालेले आणि ४५ ला हललेले ह्यांच्यात किती फरक पडला ते इथल्या माणसाला सांगायला नको. डिस्कलापण दोन पातळ्या ठेवा, ८० ला इशारा, ९० ला धोका, आणि इशारा फक्त तुम्हाला, धोका मालकालासुद्धा. आता समजा पाणी ४५ च्या आसपास खालीवर होतंय आणि ४५.१ ला भोंगा, ४४.९ ला बंद, परत ४५.१ ला भोंगा, लोक दोन तासांत भोंग्याकडं लक्ष देणं सोडतील. म्हणून अलर्ट चालू व्हायचा आकडा आणि बंद व्हायचा आकडा वेगळा ठेवा, ९० ला चालू आणि ८५ च्या खाली आलं की मगच बंद. सीपीयूला तर एका आकड्यावर कधीच अलर्ट लावू नका, दहा मिनिटांची सरासरी घ्या, नाहीतर रोज अँटिव्हायरस स्कॅन सुरू झालं की फोन वाजेल.

आकडे फसवतात ते असे

नेटवर्कचा वेग कुठलाच स्विच सरळ सांगत नाही, तो सांगतो आत्तापर्यंत एकूण किती बाइट गेले. सॉफ्टवेअर मागचा आणि आत्ताचा आकडा वजा करून मधल्या सेकंदांनी भागतं, लाईटच्या मीटरसारखंच. पण जुना काउंटर ३२ बिटांचा, तो ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढं गेला की परत शून्य. पूर्ण वेगानं चालणाऱ्या १ गिगाबिटच्या पोर्टवर हे साधारण ३४ सेकंदांत होतं, आणि तुम्ही मिनिटाला एकदा विचारताय, म्हणजे मीटर मध्येच फिरून आलं तरी तुम्हाला पत्ता नाही. ग्राफ उगाच कमी दिसतो. ६४ बिटांचा काउंटर वापरा, नावात एचसी असतं त्याच्या.

तसंच अपटाइम. एसएनएमपीत तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि तोपण ३२ बिटांचा, म्हणून ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. सोळा महिने न हललेला स्विच एका रात्री "रीस्टार्ट झालो" म्हणून मेसेज टाकतो आणि तुम्ही पहाटे उठून लाईट गेली होती का विचारत बसता.

लिनक्सची रॅम ९५ टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरून नवीन रॅम घेणारे मी बघितलेत. लिनक्स मोकळी रॅम फायलींच्या कॅशेला वापरतो आणि लागली की सोडून देतो, त्यामुळं "फ्री" न बघता "अव्हेलेबल" बघायचं. उबुंटूवर अजून एक, स्नॅपवाल्या (उबुंटूच्या प्रोग्रॅम पॅकेजांच्या) डिस्क कायम १०० टक्के भरलेल्याच असतात कारण त्या फक्त वाचायच्याच असतात. सॉफ्टवेअर आत जाऊन डिस्क आपोआप शोधतं तेव्हा ह्यासुद्धा सापडतात आणि पहिल्याच रात्री डझनभर खोटे अलर्ट. फिल्टरमध्ये स्क्वॉशएफएस, म्हणजे ह्या स्नॅपच्या डिस्कचा प्रकार, वगळा. विंडोजवर हाच त्रास पेन ड्राइव्हचा, अकाउंटंटनं लावला की नवीन डिस्क म्हणून यादीत, काढला की "डिस्क गायब". फक्त फिक्स ड्राइव्ह घ्या.

किती वेळानं आणि किती दिवस

सीपीयू, रॅम, पिंग मिनिटाला. डिस्कची जागा पाच मिनिटांनी. सिरीयल नंबर, विंडोजचं व्हर्जन, एसएसएल सर्टिफिकेट कधी संपतंय, हे दिवसातनं एकदा पुरे. सुरुवातीला सगळे हौसेनं सगळंच दहा सेकंदांवर लावतात. हिशोब करा, ४० मशीन, प्रत्येकी १०० आकडे, मिनिटाला एकदा, म्हणजे सेकंदाला ६७ नोंदी, दिवसाला ५७ लाखांच्या वर. एका नोंदीला ९० बाइट धरले तर रोज ५०० एमबीच्या पुढं. दहा सेकंदांवर नेलंत की हेच सहापट, रोज ३ जीबी. मॉनिटरिंगच्याच सर्वरची डिस्क भरून तोच पडलेला मी एका मित्राकडं बघितलाय, हसावं का रडावं. पूर्ण नोंदी ३० दिवस ठेवा, तासाची सरासरी वर्षभर, मालकाला मागच्या वर्षी सीझनला सर्वर किती तापला हे दाखवायला तेवढं पुरतं.

स्विच पडला की त्याच्यामागची बाराच्या बारा मशीन बोंबलणार, तर त्यांना स्विचवर अवलंबून म्हणून लावा, म्हणजे एकच मेसेज येतो.

सगळं झालं की मोडून बघा, हे टाळू नका. मालकाला सांगून दुपारच्या जेवणाच्या वेळेत एजंटची सर्व्हिस बंद करा आणि घड्याळ लावून बसा, अलर्ट किती मिनिटांत येतोय. मग स्विचची केबल काढा. मग एक मोठी बोगस फाइल टाकून डिस्क ८० च्या वर न्या. मग मॉनिटरिंगचा सर्वरच बंद करा, तो बंद पडला हे कोण सांगणार? मी त्यासाठी दुसऱ्या जागेवरनं एक साधी स्क्रिप्ट ठेवलीय, ती दर पाच मिनिटांनी त्याला हाक मारते.

फाउंड्रीत परत सगळं लावल्यावर मी हेच केलं, एजंट बंद केला आणि गेटवरच्या टपरीवर चहा सांगितला. सहाव्या मिनिटाला माझा फोन वाजला, आणि सातव्या मिनिटाला आतनं मालकांचा, "दादा, तुमचा मेसेज आलाय सर्वर बोलंना म्हणून, तुम्ही कुठायसा?"